काचेच्या अलीकडे

“ऑपरेशन झाल्यावर यांना कुठे ठेवायचं, तेवढं तुम्ही ठरवा,” डॉक्टर म्हणाले. “आयसीयूत की वॉर्डात?”

बन्सीलालने मेहुण्याकडे पाहिलं. झुलाल वरणगावच्या फॅक्टरीत फिटर होता. बहिणीचं ऑपरेशन ठरलं तसा तो रजा टाकून जळगावला येऊन बसला होता, आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे प्रश्न संपायच्या आत तयार असे.

“आयसीयूत. यात विचारायचं काय?”

“मी यांना विचारतोय,” डॉक्टर म्हणाले.

बन्सीलाल एसटीच्या धुळे आगारात कंडक्टर होता. सगळी नोकरी माणसांना कुठे बसायचं ते सांगण्यात गेली होती. म्हातारीला दाराजवळ, ओकणाऱ्याला खिडकीशी, पिऊन चढलेल्याला मागच्या बाकावर. बायकोची खाट कुठे टाकायची, या प्रश्नावर मात्र त्याला काही सुचेना.

“साहेब, चांगलं काय ते तुम्हीच सांगा.”

“दोन्ही चांगलं आहे, म्हणून तर विचारतोय.”

डॉक्टर चाळिशीचे. मुंबईत शिकून, तिथेच काही वर्षं काढून जळगावला परत आलेले. ते यायच्या आधी डोक्याच्या ऑपरेशनसाठी खानदेशातला माणूस मुंबईची नाहीतर इंदूरची वाट धरायचा. ज्यांना तेवढा धीर नसे ते घरीच राहायचे.

कलाबाईच्या डाव्या हातातून वस्तू सुटायला लागल्या त्याला वर्ष होत आलं होतं. आधी वाटी, मग तांब्या. त्यांच्या गावच्या, सोनगीरच्या, बायकांनी अशक्तपणा म्हटलं, कुणी नजर लागली म्हटलं. दसऱ्याला सगळं कुटुंब जेवायला बसलेलं असताना तिला वाढता वाढता झटका आला आणि ती पंगतीतच कोसळली. धुळ्याच्या डॉक्टरांनी स्कॅनसाठी जळगावला धाडलं. कवटीच्या आत, उजव्या बाजूला, मेंदूच्या आवरणाला धरून लिंबाएवढी गाठ निघाली. गाठ साधी असावी, पूर्ण काढता येईल, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. घाईचं काम नव्हतं. तारीख ठरवून, रक्ताच्या बाटल्यांची सोय करून ऑपरेशन करायचं होतं. मुलगी नंदुरबारला दिलेली, तिला सातवा महिना. तिला कुणी काही कळवलं नव्हतं.

“आयसीयूत मशिनं आहेत,” डॉक्टरांनी सांगितलं. “सिस्टर सतत जवळ असते. पण घरच्यांना आत सोडत नाही. सकाळ-संध्याकाळ काचेतून बघायचं. वॉर्डात सिस्टरच्या टेबलाला लागून एक खाट आहे, ती देतो. तिथे तपासणी तीच होईल. तासाला उठवायचं, नाव विचारायचं, दोन्ही हात उचलायला सांगायचे. पण तिथे सिस्टरला सगळा वॉर्ड बघायचा असतो. म्हणून घरचं एक माणूस खाटेशी पाहिजे. जागं, आणि नियमाने वागणारं. काही वेगळं वाटलं की लगेच सांगायचं, कारण आत रक्त साचलं तर पहिली खूण तीच असते. पेशंट झोपेला येतो, नाहीतर हात पडतो. आयसीयू काही लांब नाही. पॅसेजच्या टोकाला.”

“आणि नातेवाइकांनी झोपू दिलं तर?” बन्सीलालने विचारलं.

डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. “तोच घोळ होतो. बिचारीला झोप लागलीय, निजू द्या, म्हणतात. ती झोप नसते.”

बाहेर पॅसेजमध्ये आल्यावर झुलालने आवाज चढवला. “दाजी, पैसा ना इचार करू नका. मी शे.”

“पैसा ना काय संबंध? बिल एसटीनं खातं दी.”

“मंग वॉर्डना इचार काब्रं करतस? एसटीनी सवय शे तुमले. ‘सरका पुढं, जागा शे.’ आठे मना बहीननं डोकं शे, दाजी, थैली नही शे टपवर टाकाले.”

झटका ओसरला की कलाबाई डोळे उघडून आधी त्याचं मनगट शोधायची. “तुम्ही शेत ना?” एवढंच विचारायची आणि पुन्हा डोळे मिटायची. काचेच्या खोलीत तिने डोळे उघडले आणि मनगट सापडलं नाही तर काय, हे त्याला झुलालला सांगता येण्यासारखं नव्हतं. रातराणी बसवर असताना झोपलेल्या उतारूला त्याच्या गावी उठवायचं काम त्याने किती वर्षं केलं होतं. खांद्याला हात लावायचा, गावाचं नाव घ्यायचं, माणूस उठून बसेपर्यंत हलायचं नाही. त्याला वाटलं, हे आपल्याला जमेल.

“वॉर्डात,” त्याने आत जाऊन सांगितलं.

कलाबाई वॉर्डातल्या बाकावर बसली होती. न्हावी यायचा होता. तिचे केस दाट होते, त्यांची तिने सैल वेणी घातली होती. बन्सीलालने तिला ठरलेलं सांगितलं.

“तुम्ही ठरायं ना? मंग बरं,” ती म्हणाली.

तिला काय वाटतं ते त्याने विचारलं नाही. झुलालने विचारलं नाही. डॉक्टरांनीही नाही.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. दुपारी तिला वॉर्डात आणलं तेव्हा ती शुद्धीवर होती. डोक्याला पांढऱ्या पट्टीचं जाड मुंडासं, पट्टीखालून निघालेली एक नळी, उजव्या हाताला सलाइन. डॉक्टरांनी वाकून विचारलं, “नाव काय?” तिने सांगितलं. “कुठे आहात?” “जयगावले.” “दोन्ही हात वर करा.” तिने केले. डावा किंचित मागे राहिला, पण वर गेला.

“गाठ पूर्ण निघाली,” डॉक्टर बन्सीलालला म्हणाले. “आता तुमची ड्यूटी.”

वॉर्डच्या सिस्टर मंदाबाई भुसावळहून रोज पॅसेंजरने यायच्या. रेल्वे कॉलनीत वाढलेल्या, आवाज खणखणीत. त्यांनी बन्सीलालला स्टूल दिलं आणि त्याच्या मनगटावरचं घड्याळ आपल्या टेबलावरच्या घड्याळाशी जुळवून घेतलं.

“रडायचं असलं तर बाहेर जायचं. पेशंटला पाणी विचारल्याशिवाय द्यायचं नाही. आणि कोणी भेटायला आलं तर मी त्यांना हाकलीन, मग तुम्ही मला वाईट म्हणायचं नाही.”

“मी स्वतः हाकलतो, सिस्टर.”

“बघू.”

पहिल्यांदा उठवलं तेव्हा कलाबाईने एक डोळा उघडला. “कोनतं टेसन उनं?”

“अमळनेर.”

“माले धुये उतरनं शे. तव्हय उठाडा.”

मंदाबाई हसल्या. “चांगल्या शुद्धीवर आहे तुमची बाई.” त्यांनी बॅटरीने डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, हात उचलून घेतले, कागदावर टिपलं. पुढच्या तासालाही सगळं ठीक होतं. तिसऱ्या खेपेला ती कुरकुरली, “मी काय पॅसेंजर शे का तुमना?” पण हात उचलले.

ऊन उतरायला लागलं तशी सोनगीरची माणसं आली. दवाखान्यात माणूस पडलं आणि बघायला कोण आलं नाही, हे खानदेशात पुढे बरीच वर्षं लक्षात ठेवलं जातं. टेम्पो भरून आले होते. पुरुषांच्या डोक्यावर टोप्या, बायकांच्या हातात डबे. आणि सगळ्यांच्या पुढे अभिमनआबा, बन्सीलालचे थोरले भाऊ, तांब्याची भांडी घडवणारे. आयुष्यभर ठोक्यांत बसल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं आणि म्हणून ते कमी बोलायचे.

बन्सीलाल वॉर्डच्या दारात आडवा उभा राहिला.

“मझार कोनी जावाव नही.”

“आरे, एक डाव तोंड देखू दे,” एक म्हातारी म्हणाली. “इतली दूर उनूत.”

“मावशी, गाडी फुल्ल शे.”

“फुकटमा उनूत का? टेम्पोनं भाडं दीसन उनूत!”

मागे हसण्याचा फवारा उडाला. कुणी म्हणालं, बन्सी घरच्यांना पण तिकीट मागेल. तो हटला नाही. डबे घेतले, निरोप घेतले, एकेकाला जिन्याकडे वळवलं. आबा खाली अंगणात निंबाजवळ जाऊन बसले. या सगळ्यात बराच वेळ गेला. दाराच्या फटीतून त्याला अधूनमधून दिसत होतं की बदलीवर आलेली दुसरी सिस्टर कलाबाईच्या खाटेशी वाकून काहीतरी करते आहे. सलाइनचं असावं.

तो परत स्टुलावर येऊन बसला तेव्हा उठवायची वेळ झाली होती. कलाबाईचा उजवा हात सुजला होता, म्हणून सलाइन डाव्या हाताला लावलं होतं आणि हाताखाली पुठ्ठ्याची पट्टी बांधली होती. मंदाबाई घरी निघायच्या तयारीत होत्या.

त्याने खांद्याला हात लावला. “पारोळा उनं.”

तिने डोळे उघडले. हसली नाही. टेसन विचारलं नाही.

“दोन्ही हात वर कर.”

उजवा वर गेला. डावा पडून राहिला.

“डावा, कला. डावा हात उचल.”

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग हाताकडे, आणि डोळे मिटून घेतले. बन्सीलालने आणखी एकदा सांगितलं. हात हलला नाही. सिस्टरला हाक मारण्याआधी एक क्षण त्याच्या मनात येऊन गेलं की थकली असेल, थोडं निजू द्यावं, पुन्हा बघू. तो उठून टेबलाशी गेला.

“सिस्टर, डावा हात उचलत नाही.”

मंदाबाईंनी खांद्यावरची पर्स खाली ठेवली.

त्यानंतर सगळं भराभर झालं. ड्यूटीवरचे तरुण डॉक्टर आले. त्यांनी बाहुल्या पाहिल्या, नाव विचारलं. तिने पुटपुटत सांगितलं. “डावा हात उचला, आजी.” तिने मान किंचित हलवली. मघाचा कागद पाहून ते गंभीर झाले. मोठ्या डॉक्टरांना फोन गेला. स्कॅनचं मशीन चालवणाऱ्या माणसाला बोलावणं गेलं. “आधी आयसीयूत घ्या,” तरुण डॉक्टर म्हणाले, आणि वॉर्डबॉय चाकाची ट्रॉली आणायला गेला.

झुलाल चहा पिऊन जिन्याने वर येत होता. ट्रॉली पाहून तो जागच्या जागी थांबला. मग बन्सीलालजवळ आला. या वेळी त्याचा आवाज चढला नाही.

“मी सांगेल व्हतं, दाजी.”

“हां. सांगेल व्हतं.”

“तठे र्‍हाती ते मशीननी आधीच सांगी दिधं व्हतं.”

बन्सीलाल भिंतीला टेकला. वॉर्ड त्याने निवडला होता. नियमाने बसेन असं कबूल केलं होतं, आणि तासातला अर्धा वेळ दारात उतारू उतरवत उभा राहिला होता. त्या वेळात तिच्या डोक्यात काय झालं असेल, हे तो मनात पुढे पुढे नेत राहिला.

दाराशी आता कोणी नव्हतं. खाली अंगणात बातमी पोचली असावी, कारण अभिमनआबा जिना चढून वर आले होते. कोणी अडवलं नाही. वॉर्डच्या उंबऱ्याशी ते थांबले. धाकट्या भावाची बायको जिथे असेल तिथे ते आयुष्यात कधी न खाकरता शिरले नव्हते. आताही खाकरले. ऐकू कमी येत असल्यामुळे त्यांचं खाकरणं मोठं असे.

कलाबाईचे डोळे मिटलेले होते. डावा हात उठला. पुठ्ठ्याची पट्टी, सुई, सलाइनची नळी यांच्यासकट उठला, खांद्याशी गेला, पदर चाचपू लागला. अंगावर दवाखान्याचा झगा होता, पदर कुठला? हात खाली आला, पांघरायची चादर सापडली, ती मुठीत धरली आणि कपाळावरच्या पट्टीवर ओढून घेतली. सलाइनची बाटली स्टँडवर डुलायला लागली.

तरुण डॉक्टर हातातली बॅटरी तशीच धरून पाहत राहिले.

“डावाच ना हा?” मंदाबाई म्हणाल्या. “सगळ्यांनी पाहिलं ना?”

त्या खाली वाकल्या. “कलाबाई, डोळे उघडा. हात चांगला उचलता की! मग मघापासून का नाही उचललात?”

चादरीखालून उत्तर आलं. “त्या बाईनी सांगेल शे.”

“काय सांगितलं?”

“हाऊ हात बिलकुल हालावू नको. सुई निंघी जाई.” जरा थांबून ती म्हणाली, “हालाडा ते निंघनी का?”

दुसऱ्या सिस्टरने सुई लावताना तसं सांगितलं होतं हे खरं होतं. शीर सापडत नव्हती, फार खटपटीने सुई गेली होती, आणि प्रत्येक पेशंटला सांगतात तसंच तिने सांगितलं होतं. इतर पेशंट विसरून जातात. कलाबाई विसरली नव्हती. एकाने हलवू नको म्हटलं, दुसऱ्याने उचल म्हटलं, तेव्हा तिने आधीचा हुकूम पाळला होता.

बन्सीलाल येऊन स्टुलावर बसला. झुलालने तोंड फिरवलं आणि उपरण्याने नाक पुसलं.

मोठे डॉक्टर आले तेव्हा ट्रॉली अजून खाटेशी उभी होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत. पहिल्यापासून तपासलं, बाहुल्या, बोलणं, पाय, पंजाची पकड. सलाइन पायाला लावायला सांगितलं आणि मग म्हणाले, “आता हलवलं तरी चालेल. उचला.” डावा हात दुपारइतकाच वर गेला.

“स्कॅन नको,” ते तरुण डॉक्टरांना म्हणाले. “पण तुम्ही धावपळ केलीत ते योग्य केलं. यांनीही.” यांनी म्हणजे बन्सीलालने. त्याला ते ऐकू गेलं की नाही कळलं नाही.

“म्हणजे वॉर्डातच?” झुलालने विचारलं.

“पुन्हा तोच प्रश्न आहे. आयसीयूत खाट रिकामी आहे, ट्रॉली आलेली आहे. इथे ठेवलं तरी माझी हरकत नाही.” डॉक्टर बन्सीलालकडे वळले. “बोला.”

बन्सीलालने खाटेकडे बोट केलं.

“तिला विचारा, साहेब.”

डॉक्टर खाटेच्या कडेला बसले आणि काल केबिनमध्ये सांगितलं होतं ते सगळं, सोप्या शब्दांत, कलाबाईला सांगितलं. तिने चादरीच्या फटीतून ऐकलं.

“काचमा कोनी येस का?” तिने विचारलं.

“नाही. कोणालाच सोडत नाहीत.”

“आबा?”

“आबा नाहीत. हेही नाहीत.”

ती विचार करत होती. इतका वेळ की मंदाबाईंनी पुढे वाकून तिच्या तोंडाकडे पाहिलं.

“मंग माले तठे ठेवा,” ती म्हणाली. “आठे जो येस त्याले देखीसन डोकं झाकनं पडस. पट्टी दुखस. एक रात माले नुसतं पडी र्‍हाऊ द्या.”

“तिथेही तासाला उठवतील हं.”

“उठाडू द्या. त्या काय मना सासरना शेत?”

मंदाबाई मोठ्याने हसल्या, आणि वॉर्डातल्या दुसऱ्या दोन-तीन बायकाही हसल्या, ज्या इतका वेळ कान देऊन ऐकत होत्या. बन्सीलाल हसला नाही. खाटेशी बसायचं म्हणून त्याने मनाची सगळी तयारी केली होती. कलाबाईने चादरीतून हात काढला, त्याचं मनगट धरलं.

“रुसू नका.”

“मी काब्रं रुसू?”

“जेवा जाईसन. सकायपासून काही खायेल नही शे तुम्ही. झुलाल, यास्ले जेवाले लई जाय.”

ट्रॉली पॅसेजमधून निघाली. चाक कुरकुरत होतं. आयसीयूचं दार उघडलं आणि बंद झालं. काचेतून दिसत होतं, दोन सिस्टरांनी तिला उचलून खाटेवर घेतलं, तारा लावल्या. मशीनवर हिरवी रेघ धावायला लागली.

सिस्टर बाजूला झाल्या तशी कलाबाईने आत इकडे तिकडे पाहिलं. मग डाव्या हातानेच डोक्यावरची चादर काढली आणि छातीपर्यंत खाली ढकलून दिली. पांढऱ्या पट्टीचं मुंडासं, उघडं कपाळ, उघडी मान. दिव्याखाली तिने पाय लांब केले आणि डोळे मिटले.

काचेसमोर पॅसेजमध्ये एकच बाक होता. बन्सीलाल त्यावर बसला. अभिमनआबा मागून आले आणि काचेपाशी येऊन उभे राहिले. आत त्यांनी पाहिलं. आपल्या धाकट्या भावजयीचं उघडं डोकं त्यांनी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्यांनी बन्सीलालला उठायची खूण केली. बाकाचं एक टोक स्वतः धरलं, दुसरं त्याला धरायला लावलं, आणि दोघांनी मिळून बाक फिरवला. मग काचेकडे पाठ करून, जिन्याकडे तोंड करून आबा बसले.

“तू देख,” ते म्हणाले. “माले सांगत जाय.”